‘काही त्रास नाही ना?’ : संस्थेत वाढलेल्यांनी आपलं म्हणणं सरकारदरबारी कसं न्यायचं

आमच्या बालगृहात तपासणी असली की आदल्या रात्री चादरी बदलायच्या. भिंतीवर आहाराचा नवा तक्ता लागायचा आणि दुसऱ्या दिवशीच्या वरणात डाळ दिसायची. पाहुणे हॉलमध्ये खुर्च्यांवर, आम्ही समोर सतरंजीवर. “काय गं मुलींनो, काही त्रास नाही ना?” अधीक्षक मॅडम पाहुण्यांच्या शेजारीच बसलेल्या. आम्ही एका सुरात, “नाही सर.” मग बिस्किटं वाटली जायची आणि रजिस्टरमध्ये ओळ पडायची, ‘मुलींशी संवाद साधला.’

अठरा पूर्ण झाल्यावर मी बाहेर पडले. आता आमच्यासारख्याच काही जणांचा गट आहे. नोंदणी नाही, बॅनर नाही, एक व्हॉट्सॲप ग्रुप आणि एक जाडजूड फाइल एवढंच. आम्ही निवेदनं दिली. काही हरवली, काहींना गोड शब्दांत वाटेला लावलं, दोन-तीन कामं मात्र झाली. बालगृह, निरीक्षण गृह (गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांचं), अनुरक्षण गृह (अठरा पूर्ण झालेल्यांचं) किंवा बालसंगोपन (कुटुंबात वाढणाऱ्या मुलासाठी सरकारची महिन्याची मदत), फॉस्टर केअर (दुसऱ्या कुटुंबात सांभाळ) यांतून मोठे झालेले, साधारण सोळा ते पंचवीस वयाचे कुणी व्यवस्थेत काही बदलू पाहत असतील, तर आमच्या धडपडीतून जे हाताला लागलं ते त्यांच्यासाठी लिहिते आहे.

१. फळा भरू द्या, मग पुसा

आमची पहिली बैठक एका मैत्रिणीच्या भाड्याच्या खोलीत झाली. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आम्ही मागण्या लिहीत गेलो : घर, नोकरी, वेगळा कायदा, जेवणात अंडी, बहीण-भावाला एकाच जिल्ह्यात ठेवा, फॉर्मवरचा वडिलांच्या नावाचा रकाना काढा. जागा संपेपर्यंत लिहिलं. मग तीच यादी टाइप करून कार्यालयात देऊन आलो. महिन्याभराने उत्तर आलं, ‘आपल्या सूचनांची नोंद घेण्यात आली आहे.’ सरकारी मराठीत याचा अर्थ काय होतो ते कळायला आम्हाला आणखी महिना लागला.

यादी करा, मनातलं सगळं बाहेर येऊ द्या. पण कार्यालयात जाताना त्यातली एकच मागणी घेऊन जा. ती निवडताना तीन प्रश्न विचारा. हे करण्याचा अधिकार नक्की कुणाकडे आहे? कधीपर्यंत व्हायला हवं? आणि झालं की नाही, हे आपल्याला कशावरून कळणार? ‘मुलांशी प्रेमाने वागा’ ही मागणी तिन्ही प्रश्नांत नापास होते. ती खोटी नाही, पण कुठल्याच अधिकाऱ्याच्या टेबलावर ती बसत नाही.

आम्ही शेवटी जी मागणी धरली तिच्यामागे एक मुलगी होती. बारावी सायन्स, वाढदिवस डिसेंबरात, प्रॅक्टिकल फेब्रुवारीत. अठरा पूर्ण झाले म्हणून तिने पेटी भरली आणि दूरच्या एका मावशीकडे राहायला गेली. तिथून कॉलेज चाळीस किलोमीटर. पहाटेची एसटी चुकली की त्या दिवसाचं लेक्चर गेलं. खरं तर कायद्यात तिच्यासाठी अनुरक्षणाची, म्हणजे अठरा पूर्ण झाल्यानंतरच्या मदतीची, सोय होती, फक्त तसा प्रस्ताव वेळेत कुणी केला नव्हता. म्हणून मागणी ठरली : बारावीच्या वर्षात ज्यांचा अठरावा वाढदिवस येतो त्यांचा प्रस्ताव वाढदिवसाआधीच जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीसमोर जावा. नवा कायदा नको, नवा पैसा नको. अशा मागणीला ‘नाही’ म्हणायला फार बळ लागतं.

दुसरी अशीच मागणी कागदपत्रांची. संस्थेतून निघताना हातात आधार, जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, रहिवासी दाखला आणि चालू बँक खातं असायला हवं. आमच्यापैकी एकाच्या आधारला मोबाइल नंबर जोडला होता तो संस्थेतल्या क्लार्कचा. क्लार्कची बदली झाली आणि तो नंबर बंद पडला. पोराचा ओटीपी कुठे जात होता ते देवालाच ठाऊक. बाहेरच्या माणसाला ही गोष्ट किरकोळ वाटेल. पण ओटीपीशिवाय शिष्यवृत्तीचा फॉर्म पुढे सरकत नाही, हे ज्याचं अडलंय त्यालाच कळतं. असे बारीक अडथळे शोधा. तिथे आपल्याइतकं जाणकार दुसरं कुणी नाही.

२. एकट्याने जाऊ नका

एकटा मुलगा गेला की ती ‘तक्रार’ होते. पाच जण गेले की ‘म्हणणं’ होतं. शिवाय एकट्यावर दबाव टाकणं सोपं असतं. त्याचा धाकटा भाऊ अजून त्याच संस्थेत असेल तर जास्तच.

गट जमवताना एक चूक सगळेच करतात. चांगलं बोलणारे, पदवीपर्यंत पोचलेले, संस्थेचे लाडके, असेच पुढे येतात. निरीक्षण गृहात राहिलेला मुलगा, मतिमंद मुलांच्या गृहातली मुलगी, लग्न करून दिलेली, बालसंगोपनाच्या पैशावर आजीकडे वाढलेला, हे मागे राहतात. त्यांना शोधायला जावं लागतं. आजीकडे वाढलेल्यांचा तर स्वतंत्र प्रश्न आहे. कायद्यातली अनुरक्षणाची व्याख्या संस्थेतून बाहेर पडलेल्या, अठरा पूर्ण पण एकवीस पूर्ण न झालेल्या तरुणांपुरती आहे. कुटुंबात वाढलेले त्या शब्दांतच बसत नाहीत.

पैशाचं पहिल्याच दिवशी ठरवा. बसभाडं कोण देणार, ज्याची रोजंदारी बुडते त्याचं काय? आमच्यातला एक जण डिलिव्हरीचं काम करतो. तो बैठकीला येतो तेव्हा त्याचा अर्धा दिवस जातो. हे न बोलता चालवलं तर दोन महिन्यांत गटात फक्त ज्यांना परवडतं तेच उरतात.

३. आपली गोष्ट जपून खर्च करा

संस्थेत वाढलेल्याला व्यासपीठावर बोलावलं की लोकांना एकच हवं असतं : तू तिथे कशी आलीस? रडू आलं तर आणखी छान. माझ्या पहिल्या भाषणात मी सगळं सांगून टाकलं, आईबद्दलसुद्धा. टाळ्या पडल्या. चार दिवसांनी ते भाषण कुणीतरी मोबाइलवर फिरवलं आणि माझ्या कामाच्या ठिकाणी पोचलं. ते परत घेता आलं नाही.

म्हणून बोलायला जाण्याआधी कागदावर तीन रकाने करा. कुणालाही सांगायला हरकत नाही असं काय आहे, बंद दाराआड अधिकाऱ्याला किंवा समितीला सांगायचं काय, आणि कुणालाच सांगायचं नाही ते काय. तिसऱ्या रकान्यातलं कुणी विचारलं तर एक वाक्य तयार ठेवा : “त्याबद्दल मी बोलणार नाही, पण बारावीच्या प्रश्नाबद्दल विचारा.” आरशासमोर म्हणून बघा. पहिल्यांदा जीभ अडखळते.

दुसऱ्यांच्या गोष्टीवर तर आपला हक्कच नाही. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार अशा मुलाचं नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा कुठलाही तपशील माध्यमांत देता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. संस्थेच्या स्नेहसंमेलनाचा फोटो स्टेटसला टाकताना हे आठवा. त्यात मागे उभी असलेली सातवीतली मुलगी अजून तिथेच राहते.

आणि ज्या दिवशी कुणी जुनं काही सांगितलं असेल, त्या रात्री त्याला एकटं सोडू नका. चहाला न्या, घरी पोचल्यावर फोन करा. दुसऱ्या दिवशी कामावर जाणं त्याला जड जातं, हे आम्हाला उशिरा कळलं.

४. कायद्याचं पान आणि स्वतःची मोजदाद

वकील व्हायची गरज नाही. पण चार-पाच गोष्टी पाठ हव्यात.

२०१५ चा कायदा १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. त्याच्या कलम ३ मधल्या तत्त्वांत सहभागाचं तत्त्व आहे : मुलाच्या हिताला स्पर्श करणाऱ्या प्रत्येक प्रक्रियेत त्याचं म्हणणं ऐकलं जाण्याचा त्याला हक्क आहे. कलम ४६ अठरा पूर्ण करून बाहेर पडणाऱ्याला आर्थिक मदतीबद्दल बोलतं, पण तिथला शब्द नीट वाचा. मदत ‘देता येईल’ असं आहे, ‘दिलीच पाहिजे’ असं नाही. आपली निम्मी लढाई त्या एका क्रियापदाशी आहे. २०१६ च्या केंद्रीय आदर्श नियमांत पुढचा तपशील सापडतो. अनुरक्षण एकवीसपर्यंत, अपवादात्मक परिस्थितीत आणखी दोन वर्षं. आणि मूल बाहेर पडण्याच्या दोन महिने आधी त्याच्या पुढच्या सोयीचा आराखडा समितीसमोर मांडायचा, हे परिविक्षा अधिकाऱ्याचं किंवा केस वर्करचं काम आहे. आमच्या बारावीच्या मागणीला नेमका हाच आधार मिळाला. महाराष्ट्राचे स्वतःचे नियम २०१८ चे आहेत. निवेदन लिहिताना तेही शेजारी ठेवा.

पैशाचं बोलायचं तर तो कुठून येतो हे माहीत हवं. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत अनुरक्षणासाठी महिना ४,००० रुपये धरले आहेत. त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४०. बालसंगोपन योजना राज्याची आहे. २०२३ मध्ये तिची रक्कम १,१०० वरून २,२५० रुपये झाली. म्हणजे ४,००० चे ६,००० करा असं जिल्ह्याच्या अधिकाऱ्याला सांगून काही उपयोग नाही. तो मान हलवेल, तुम्हाला चहा पाजेल, आणि तुमचा दिवस जाईल.

आता मोजदाद. माहितीचा अधिकार, २००५ हे आपलं सगळ्यांत स्वस्त हत्यार. अर्जाला १० रुपये, दारिद्र्यरेषेखाली असाल तर तेही नाहीत. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, यावरून अर्ज परत येतात. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. प्रश्न मत मागणारे नकोत, नोंद मागणारे हवेत. ‘मुलांना वाऱ्यावर का सोडता?’ याचं उत्तर मिळणार नाही. असं विचारा :

मागील तीन आर्थिक वर्षांत जिल्ह्यातील बालगृहांतून १८ वर्षे पूर्ण झाल्याने बाहेर पडलेल्या प्रवेशितांची वर्षनिहाय संख्या. त्यांपैकी किती जणांचे अनुरक्षण प्रस्ताव बाल कल्याण समितीकडे सादर झाले, ती संख्या. किती मंजूर झाले, ती संख्या. प्रत्यक्ष रक्कम मिळालेल्यांची संख्या.

नावं मागू नका. ती मिळणार नाहीत आणि मागणं बरंही नाही. चार आकडे आले की त्यांच्यामधली गळती आपोआप बोलते.

याच्या जोडीला स्वतः वीस-पंचवीस जणांशी बोला. सगळ्यांना तेच पाच-सहा प्रश्न, त्याच क्रमाने. निघताना कुठले कागद मिळाले? पहिली रात्र कुठे काढली? अनुरक्षणाबद्दल कुणी सांगितलं होतं का? पहिल्या रात्रीचा प्रश्न आमच्या यादीत आधी नव्हता, एका मुलाने सुचवला. उत्तरं ऐकताना आमच्या लक्षात आलं की बाकीचे प्रश्न नसते तरी चाललं असतं. वीसपैकी चौदा जणांनी काही सांगितलं तर ‘आम्ही बोललो त्या २० पैकी १४’ एवढंच लिहा. ‘सत्तर टक्के मुलं’ असं लिहिलंत की समोरचा पहिला प्रश्न आकड्यावर विचारतो आणि मुद्दा बाजूला पडतो.

शासन निर्णय राज्य सरकारच्या संकेतस्थळावर सापडतात. प्रत्येकाला लांबलचक सांकेतांक असतो, तो निवेदनात लिहा. जीआरचा क्रमांक आणि तारीख दिसली की क्लार्कसुद्धा कागद सरळ धरून वाचतो.

५. दार कुठलं ठोठवायचं

आत असलेल्यांपासून सुरू करू. सहा वर्षांवरची मुलं असलेल्या प्रत्येक संस्थेत बाल समिती स्थापन व्हायला मदत करणं हे अधीक्षकांचं कायद्याने ठरलेलं काम आहे. कलम ५३ मध्ये ते आहे. दिनक्रम, जेवण, शिक्षण, संस्थेतल्या सोयी आणि गैरवर्तनाची खबर, यांत या समितीने भाग घ्यायचा असतो. सूचनापेटी ऑफिसपासून लांब आणि मुलांच्या खोल्यांजवळ हवी, किल्ली व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे हवी, आणि पेटी दर आठवड्याला मुलांच्या प्रतिनिधींसमोर उघडली जायला हवी. आमची पेटी ऑफिसच्या दाराला लागून होती आणि किल्ली टेबलाच्या खणात. पेटीत कधी काही सापडलं नाही यात नवल ते काय. तुम्ही आता बाहेर असाल आणि संस्थेत येणं-जाणं असेल, तर पेटी कुठे टांगली आहे एवढं बघून या. एक साधी, स्वस्त, लगेच होण्याजोगी मागणी तिथेच मिळेल. मारहाण किंवा लैंगिक त्रासासारखं काही असेल तर पेटीची, निवेदनाची वाट बघू नका. १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर फोन करा किंवा थेट बाल कल्याण समितीकडे जा.

बाल कल्याण समिती म्हणजे अध्यक्ष आणि चार सदस्य. तिला दंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत, पण एकेका मुलाच्या प्रकरणात. धोरण बदलणं तिच्या हातात नाही. मात्र सदस्यांनी महिन्यातून किमान दोनदा संस्थांना भेट द्यायची असते. तेव्हा मुलांशी कर्मचाऱ्यांशिवाय बोला, ही मागणी करायला समिती ही योग्य जागा.

जिल्ह्यात रोजचं काम जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी आणि जिल्हा बाल संरक्षण कक्ष यांच्याकडे असतं. कायद्यातली २०२१ ची दुरुस्ती १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाल्यावर जिल्हाधिकाऱ्यांचं या यंत्रणेवरचं लक्ष वाढलं आहे, म्हणून निवेदनाची एक प्रत तिकडे टाकाच. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो, पण तिथे वैयक्तिक तक्रारच घेतात. गटाची मागणी घेऊन गेलात तर परत पाठवतील. ‘माझा अनुरक्षणाचा प्रस्ताव अमुक महिन्यापासून प्रलंबित आहे’ असं एकेकाने आपापलं न्या.

अनाथ प्रमाणपत्र अडलं असेल तर विभागीय उपायुक्त. सगळ्या राज्याला लागू होईल असं परिपत्रक हवं असेल तर पुण्याचं महिला व बाल विकास आयुक्तालय. योजनेची रक्कम किंवा निकष बदलायचे असतील तर मंत्रालय. हक्काचं उल्लंघन झालं असेल तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोग. आणि कुठेच हलत नसेल तेव्हा आमदार. आमदाराकडे भाषण घेऊन जाऊ नका, तयार प्रश्न घेऊन जा. अधिवेशनाच्या बरंच आधी तारांकित प्रश्नाचा (सभागृहात मंत्र्याने तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नाचा) मसुदा हातात दिलात तर त्याचंही काम सोपं होतं. माहिती अधिकारातले ते चार आकडे इथे कामाला येतात.

६. एक पानाचं निवेदन

दीड पान झालं की शेवटचा परिच्छेद कुणी वाचत नाही, आणि आपली मागणी नेमकी तिथेच असते. आमचं निवेदन साधारण असं होतं :

प्रति,
मा. जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी

विषय : इयत्ता बारावीत शिकत असताना १८ वर्षे पूर्ण होणाऱ्या प्रवेशितांच्या अनुरक्षण प्रस्तावांबाबत.

महोदया,
आम्ही जिल्ह्यातील बालगृहांतून बाहेर पडलेले तरुण-तरुणी आहोत. बारावीच्या वर्षात १८ वर्षे पूर्ण झाल्यामुळे परीक्षेपूर्वी संस्था सोडावी लागल्याचा अनुभव आमच्यापैकी काहींना आला आहे. नियमांनुसार बाहेर पडण्याच्या दोन महिने आधी पुनर्वसनाचा आराखडा समितीसमोर येणे अपेक्षित आहे. करिता विनंती की,
१) येत्या जून ते मार्च या काळात १८ वर्षे पूर्ण होणाऱ्या अकरावी-बारावीतील प्रवेशितांची यादी संस्थांकडून मागवावी.
२) त्यांचे प्रस्ताव दोन महिने आधी समितीसमोर सादर करण्याबाबत सर्व अधीक्षकांना लेखी सूचना द्याव्यात.
३) केलेली कार्यवाही आम्हास लेखी कळवावी.

खाली सह्या, तारीख, एकाचा फोन नंबर. कहाणी नाही, विशेषणं नाहीत. तिसरा मुद्दा विसरू नका. लेखी उत्तर मागितलं नाही तर तोंडी आश्वासनावर बोळवण होते.

दोन प्रती न्या. एक द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. आवक टेबलावरच्या ताई म्हणतील, “ठेवून जा, मी सांगते मॅडमना.” हसून म्हणा, “ताई, शिक्का मारून द्या ना, आमच्या फाइलला लागतो.” शिक्का नसलेलं निवेदन दिलंच नव्हतं असं समजा.

७. भेट : उपकारांचं ओझं बाजूला ठेवून

भेटीला तिघं-चौघं जा. एक बोलणारा, एक लिहून घेणारा, एक वेळेकडे बघणारा. आमचं बोलणं पाच मिनिटांचं असतं आणि बसमध्ये त्याची दोनदा तालीम होते.

तरी एक वाक्य येतंच : “अरे, सरकार तुमच्यासाठी एवढं करतंय. आमच्या मुलांनासुद्धा एवढं मिळत नाही.” इथे आमच्यातल्या भल्याभल्यांची मान खाली जाते. लहानपणापासून आम्हाला शिकवलंय की जेवण, कपडे, वह्या हे सगळं कुणीतरी दिलं. देणगीदारांसमोर उभं राहून प्रार्थना म्हटली आहे, ‘धन्यवाद’ची भेटकार्डं रंगवली आहेत. त्यामुळे साधी मागणी करतानाही कृतघ्न झाल्यासारखं वाटतं. यावर वाद घालू नका. “हो मॅडम, शिकलो म्हणूनच हे लिहू शकलो. आता या तीन मुद्द्यांपैकी पहिला,” असं म्हणून कागदाकडे या. संस्थेतल्या एखाद्या काकूने जीव लावला असेल तर त्याचं ऋण तिच्यापाशी आहे. त्याची परतफेड कार्यालयात गप्प बसून होत नाही.

अधिकारी सगळे अडवणारे नसतात, हेही सांगायला हवं. बऱ्याचदा एकाच माणसावर तीन टेबलांचं काम असतं. एका परिविक्षा अधिकाऱ्यांनी आम्हाला स्वतःहून सांगितलं, “तुम्ही यादीचं पत्र द्या, म्हणजे मला वर मागता येईल.” त्यांना हवं होतं ते आमचं पत्र. आतल्या माणसाला बाहेरून कागद लागतो.

निघाल्यावर त्याच संध्याकाळी ईमेल करा : आज अमुक वाजता भेट झाली, तुम्ही असं असं म्हणालात, पुढचं काम या तारखेपर्यंत ठरलं. चार ओळी पुरतात.

८. सल्लागार म्हणून बोलावणं आलं तर

थोडं नाव झालं की बैठकीची आमंत्रणं येऊ लागतात. परिसंवाद, कार्यशाळा, धोरणावर चर्चा. आनंद होतो, व्हायलाच हवा. पण जाण्याआधी विचारा. विषयपत्रिका कधी मिळेल? कागद मराठीत असतील का? प्रवासखर्च आधी मिळेल की ‘नंतर क्लेम करा’? बाकीच्या तज्ज्ञांना मानधन आहे, मग आम्हाला? आणि आम्ही जे सांगू त्याचं पुढे काय झालं, ते कोण कळवणार?

एकट्याला बोलावलं तर दोघं येऊ म्हणा. पंधरा साहेबांमध्ये एकच मुलगी बसवली तर ती संपूर्ण दिवस ‘प्रेरणादायी’ होऊन बसते. बोलायची वेळ शेवटची पाच मिनिटं, जेवणाच्या आधी. मी एकदा अशा बैठकीत दिवा लावला, गुच्छ दिला, फोटोत उभी राहिले आणि परत आले. मसुदा आधीच छापून झाला होता.

हे वेगळ्या तऱ्हेनेही होतं. स्कॉटलंडमध्ये २०१७ ते २०२० या काळात तिथल्या व्यवस्थेचा आढावा घेतला गेला, तेव्हा साडेपाच हजारांहून जास्त लोकांचे अनुभव ऐकले गेले, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक स्वतः त्या व्यवस्थेत वाढलेले होते. कॅलिफोर्नियात फॉस्टर केअरमधल्या तरुणांची स्वतःची संघटना १९८८ पासून कायदे बदलायला लावते आहे. आपल्याकडे निदान जिल्हा पातळीवरच्या बैठकीत दोन खुर्च्या, दर वेळी, नावापुरत्या नव्हेत, एवढं मागायला काय हरकत आहे?

मीडियाने फोन केला तर मजकूर छापण्याआधी वाचायला मिळेल का, चेहरा दाखवणार का, हे आधी ठरवा. ‘अनाथ’ हा शब्द मथळ्यात नको असेल तर तसं सांगा. आमच्यातल्या पुष्कळांचे आईवडील आहेत.

९. जीआर निघाला म्हणजे संपलं नाही

अनाथांच्या आरक्षणाचा प्रवास बघा. गोव्यातल्या अनाथाश्रमात वाढलेल्या आणि पुण्यात शिकलेल्या अमृता करवंदे स्पर्धा परीक्षेत आवश्यक दाखल्याअभावी अडल्या. २०१७ मध्ये त्या तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना भेटल्या. जानेवारी २०१८ मध्ये मंत्रिमंडळाचा निर्णय झाला आणि २ एप्रिल २०१८ रोजी शासन निर्णय निघाला : शिक्षण आणि नोकरीत एक टक्का. पेढे वाटावेत अशीच गोष्ट.

पण तो एक टक्का खुल्या प्रवर्गातला समांतर होता, म्हणजे खुल्या जागांच्या आतच मोजायचा. लहान भरतीत एक टक्का काढला की हाताला शून्य लागायचं. मग पुन्हा निवेदनं, पुन्हा भेटी. २०२१ मध्ये आरक्षण एकूण पदांवर मोजायचं ठरलं आणि अनाथांचे तीन गट केले गेले. त्यावरून नवा गुंता झाला आणि २०२३ मध्ये संस्थात्मक (संस्थेत वाढलेले) आणि संस्थाबाह्य (संस्थेबाहेर वाढलेले) असे दोन गट आले. म्हणजे पहिल्या भेटीपासून सहा वर्षं. एका माणसाच्या भेटीने दार उघडलं, आणि पुढे बारीक अक्षरं वाचणारे बरेच जण लागले.

म्हणून निर्णय हातात आला की तीन गोष्टी लगेच बघा : कुणाला वगळलं, टक्का किंवा रक्कम कशावर मोजायची, आणि अंमलबजावणीची जबाबदारी कुणाच्या पदावर टाकली. मग सहा महिन्यांनी माहिती अधिकारातला तोच अर्ज पुन्हा टाका. चार आकडे परत येऊ द्या. आधीच्यांशी ताडून बघा.

आमच्या फाइलच्या पहिल्या पानावर एक तक्ता आहे : तारीख, कुठे गेलो, आवक क्रमांक, कोण भेटलं, काय म्हणालं, पुढची तारीख. आम्हीही बावीस-तेवीसचे होतो, नोकरीसाठी गावं बदलतो, काही जणी संसारात गुंततात, आणि मग निम्मं कुणाच्या तरी डोक्यात राहतं. म्हणून फाइल दर वर्षी जूनमध्ये नुकत्याच बाहेर पडलेल्या दोघांच्या हातात जाते. यंदा ती ज्या मुलीकडे आहे तिने सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवले आणि तक्त्यात एक नवा रकाना ओढला. वर लिहिलं, ‘मुलांना कळवलं का?’ त्या रकान्यात आमच्या मागच्या सगळ्या ओळींसमोर तिने ‘नाही’ लिहिलं आहे.